निकाल ठरलेला, भांडण खरं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२०२० सालच्या एप्रिलमधली गोष्ट. टाळेबंदी सुरू होती. १६ तारखेला सकाळीच माझ्या भाच्याचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं आता काहीतरी वाईट बातमी ऐकावी लागणार. "मामा," तो म्हणाला, "हीथ स्लेटरला काढला."

हा हीथ स्लेटर कोण, याचा मला पत्ता नव्हता. भाच्याच्या कंपनीतला कुणी साहेब असेल असं वाटलं. विचारलं तर म्हणाला, "अरे, डब्ल्यूडब्ल्यूईमधला. तो नेहमी हरायचा बघ, तो."

आता गंमत बघा. जिथे कोण जिंकणार आणि कोण हरणार हे कंपनीच ठरवते, तिथे कंपनीच्याच सांगण्यावरून वर्षानुवर्षं हरत आलेल्या एका अमेरिकन मल्लाची नोकरी जाते, आणि पुण्यात बसलेल्या तिशीतल्या माणसाचा घसा दाटतो. मी तेव्हा हसलो. पण तो फोन डोक्यात राहिला. पुढे भाच्याला प्रश्न विचारून विचारून, त्याच्याबरोबर जुन्या-नव्या लढती बघून मला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

मी स्वतः तांबड्या मातीतल्या कुस्तीचा शौकीन. त्यामुळे नव्वदीच्या दशकात घरोघरी केबल आली आणि रंगीत चड्ड्या घातलेले, आरडाओरडा करणारे ते अगडबंब पुरुष पडद्यावर दिसू लागले, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. भाचा मात्र पत्त्यांचा कॅट घेऊन बसायचा. त्या पत्त्यांवर मल्लांची रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती असं सगळं छापलेलं असे. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झालाय, हे त्या पिढीतल्या प्रत्येक पोराला शपथेवर ठाऊक होतं. तसा आपल्याकडे हा प्रकार अगदीच नवा नव्हता. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांना आपल्या आधीच्या पिढीनं गर्दी केली होती. १९६८ साली मुंबईत दारासिंगनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, त्याच्या कथा मी लहानपणी ऐकल्या आहेत.

तर पहिला प्रश्न नेहमीचाच. ते सगळं खोटं असतं ना? असतं. लपवाछपवी फार जुनी झाली. १९८९ साली खुद्द कंपनीनंच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे सांगून टाकलं, की आमचा खेळ ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. त्यामागे सत्याची ओढ नव्हती. खेळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचे नियम आणि कर चुकवायचे होते. पण कबुली ती कबुली. लढतीचा शेवट आधी ठरतो, कुणी काय बोलायचं हेही बरंचसं लिहिलेलं असतं. पडणं मात्र लिहून पडता येत नाही. फळ्यांवर पातळ गादी, वर कॅनव्हास, आणि त्यावर शंभर-सव्वाशे किलोचा माणूस पाठीवर आदळतो. मानेच्या आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया या धंद्यात रोजच्याच.

मग निकाल ठरलेला असेल तर प्रेक्षक भांडतात कशावरून? मला बरेच दिवस हे कोडं होतं. उत्तर सापडलं ते आपल्याच मैदानात. जत्रेच्या मैदानात पंच जोड लावतात, म्हणजे कोणता पैलवान कुणाशी लढणार हे ठरवतात. ही जोड मनासारखी लागली नाही तर बसलेली माणसं गप्प राहत नाहीत. "त्याला कशाला लावलाय? ह्याला लावा!" असा गलका मी कितीदा ऐकला आहे. पण एकदा कुस्ती लागली आणि पाठ मातीला टेकली, की वाद संपला. अमेरिकेतल्या त्या खेळात पाठ टेकण्याला किंमतच नाही, कारण टेकवणारं कार्यालय आहे. त्यामुळे सगळा वाद जोडीपाशीच चालतो. कुणाला पुढे काढायचं, कुणाला मागे ठेवायचं, पट्टा कुणाच्या कमरेला शोभतो, कुणाला घरी पाठवलं ते बरोबर की चूक. क्रिकेट बघणारा 'कोण जिंकेल' म्हणतो, हा प्रेक्षक 'कोण जिंकायला हवा' म्हणतो. कित्येक दशकं तिथे शेवटचा शब्द व्हिन्स मॅकमहन या मालकाचा असे, आणि हा प्रेक्षक मनातून त्या मालकाशी भांडत असतो. डेव्ह मेल्ट्झर नावाचे पत्रकार तर १९८०च्या दशकापासून या धंद्याच्या आतल्या बातम्यांचं पत्रक काढत आले आहेत. सिनेमाच्या परीक्षणाला देतात तसे तारे ते लढतींना देतात.

कंपनीच्या पटावर जे मल्ल असतात, त्या यादीला रोस्टर म्हणतात. २००१ साली या कंपनीनं आपली मोठी प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि पटावर इतकी माणसं झाली की एका कार्यक्रमात मावेनात. म्हणून मार्च २००२ मध्ये वाटणी झाली. अर्धे मल्ल सोमवारच्या 'रॉ'कडे, अर्धे 'स्मॅकडाऊन'कडे. शाळेत कबड्डीचे गडी वाटून घेतात तसे एकेक नाव घेत दोन्ही बाजूंनी मल्ल उचलले. स्मॅकडाऊननं पहिला उचलला रॉक, रॉनं अंडरटेकर. त्या दिवसापासून हा प्रेक्षकांचा आवडता सण झाला. भाऊभाऊ वेगळे निघावेत तशा जोड्या फुटतात, आणि ज्याला कोपऱ्यात बसवून ठेवलंय त्याला दुसऱ्या घरी तरी संधी मिळेल, अशी आशा असते. ती वाटणी २०११ मध्ये मोडली आणि जुलै २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. रॉचा कार्यक्रम तीन तासांचा आणि स्मॅकडाऊनचा दोन तासांचा, म्हणून रॉला दर फेरीत तीन गडी आणि स्मॅकडाऊनला दोन, असा हिशेब ठेवला होता.

हे सगळं नाटक, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. पण त्या नाटकातली एक गोष्ट खरी असते. ज्याचं नाव शेवटपर्यंत घेतलं जात नाही, तो खरोखरच कुणाला फारसा नको असतो.

तर हीथ स्लेटर. २०१२ मध्ये कंपनीनं तीन रिकामे मल्ल एकत्र केले आणि त्यांची एक विनोदी टोळी बनवली. थ्री मॅन बँड, म्हणजे तिघांचं वाद्यवृंद-पथक. वाद्यं नव्हती. हवेतच गिटार वाजवत यायचं, मार खायचा आणि जायचं. एक हा स्लेटर. दुसरा जिंदर महल, कॅनडातल्या कॅलगरीत जन्मलेला पंजाबी घरातला. तिसरा स्कॉटलंडचा ड्रू मॅकिंटायर. या तिसऱ्याची कथा अधिक खेदाची होती, कारण २००९ मध्ये खुद्द मॅकमहननी त्याला पडद्यावर आणून, हा उद्याचा विश्वविजेता, असं जगाला सांगितलं होतं. तीन वर्षांत उद्याचा विजेता हवेत गिटार वाजवू लागला.

जून २०१४ मध्ये एकाच दिवशी जिंदर आणि ड्रू दोघांनाही कमी केलं. स्लेटर तेवढा राहिला. माझ्या भाच्यासारख्यांचं तेव्हाचं मत मी नंतर विचारून घेतलं. ड्रूला वाया घालवला, जिंदरबद्दल बोलण्यासारखं काही नाही, आणि स्लेटर का राहिला हे देव जाणे. कंपनीचंही मत याहून वेगळं असेल असं वाटत नाही. पुढच्या सहा वर्षांत या तिघांनी दोन्ही मतं खोटी पाडली, आणि तीही तीन निराळ्या रीतींनी.

आधी या मतांना जोर कुठून येतो ते सांगतो. या खेळात एकच गोष्ट लिहिता येत नाही, ती म्हणजे सभागृहातला आवाज. नायकाला टाळ्या आणि खलनायकाला हुर्यो, एवढी अपेक्षा असते. खलनायकाची हुर्यो उडवली तर ती त्याला शाबासकीच. खरी नामुष्की शांततेची. पण कधीकधी प्रेक्षक ठरवून दिलेली बाजू घेतच नाहीत. रॉकचंच घ्या. १९९६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो प्रथम आला तो हसतमुख, गुणी मुलगा म्हणून. वडील आणि आजोबा दोघेही नामांकित मल्ल, दोघांच्या नावांचा तुकडा जोडून त्याचं नाव 'रॉकी मैव्हिया' केलेलं. काही महिन्यांत लोकांना त्याचा उबग आला. हा आम्हाला आवडायलाच हवा अशी सक्ती कुणीतरी करतंय, हे त्यांना जाणवलं आणि त्याच्या मरणाच्या घोषणा सुरू झाल्या. कंपनीनं १९९७ मध्ये त्याला उर्मट खलनायक केलं. तो बोलू लागला आणि त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आपल्या संगीत नाटकांत वन्समोअर मिळत गेला की नाटक पहाटेपर्यंत चालायचं म्हणतात. इथे वन्समोअरनं नाटकाचं कथानकच बदललं.

याहून मोठं उदाहरण डॅनियल ब्रायनचं. हा बुटका, दाढीवाला, साधा दिसणारा माणूस लहान लहान सभागृहांत दहा वर्षं लढून वर आला होता. २०१० च्या जूनमध्ये त्यानं एका हल्ल्याच्या प्रसंगात निवेदकाचा गळा त्याच्याच टायनं आवळला. प्रसंग लिहिलेलाच होता, पण तेवढं कंपनीला जास्त वाटलं आणि त्याला काढून टाकलं. दोन महिन्यांत परत घेतलं. जाता जाता सांगतो, त्या हल्ला करणाऱ्या टोळीत हीथ स्लेटरही होता. पुढे हा ब्रायन दोन्ही हातांची बोटं आभाळाकडे करून "येस! येस!" ओरडायचा आणि सगळं सभागृह त्याच्यामागे ओरडायचं. कंपनीला मात्र तो मुख्य पुरुष वाटत नव्हता.

जानेवारी २०१४ मध्ये पिट्सबर्गला 'रॉयल रम्बल' झाली. तीस मल्ल एकामागून एक येतात, शेवटी उरेल त्याला वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, म्हणजे रेसलमेनियात, पट्ट्यासाठी लढायला मिळतं. लोक ब्रायनची वाट बघत होते. तिसावा आला तो रे मिस्टीरियो. मुखवटा घालणारा हा गुणी मल्ल, एरवी सगळ्यांचा लाडका. त्या दिवशी त्याची हुर्यो उडाली, कारण त्याच्या येण्यानं ब्रायन येणार नाही हे नक्की झालं. जिंकला बटिस्टा. कंपनीनं त्याला नायक म्हणून परत आणलं होतं, त्यालाही तेच ऐकावं लागलं. महिना-दोन महिने हा गोंगाट थांबेना. शेवटी ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्सला ब्रायननं एकाच रात्री आधी ट्रिपल एचला हरवलं आणि मग ऑर्टन व बटिस्टा यांच्याबरोबरच्या लढतीत पट्टा जिंकला. कार्यालयानं लिहिलेला निकाल प्रेक्षकांनी बदलून घेतला होता.

इथपर्यंत ऐकून वाटेल की जनताजनार्दनाचं नेहमी बरोबरच असतं. मला तसं वाटत नाही. या प्रेक्षकाची एक खोड आहे. जो कार्यालयाचा लाडका तो यांचा दोडका. रोमन रेन्सचं तसंच झालं. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाला तो रॉयल रम्बल जिंकला तेव्हा इतकी हुर्यो उडाली, की त्याचा हात उंचावायला आलेला रॉकही त्यात सापडला. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यानं अंडरटेकरला हरवलं, त्याच्या दुसऱ्या रात्री तो रिंगमध्ये माइक घेऊन उभा राहिला आणि लोकांनी दहा मिनिटं त्याला बोलूच दिलं नाही. भाचा सांगतो, तोही घरात बसून ओरडत होता.

मग २२ ऑक्टोबर २०१८ चा दिवस आला. रेन्स रोजच्या कपड्यांत आला, म्हणाला माझं खरं नाव जो. मला रक्ताचा कर्करोग आहे, अकरा वर्षांपूर्वी झाला होता, तो उलटला आहे, पट्टा सोडून जातोय. सभागृहाला काय करावं कळेना. चार महिन्यांनी तो बरा होऊन परतला तेव्हा त्याच लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो मल्ल म्हणून त्या चार महिन्यांत सुधारला होता असं कोण म्हणेल? त्यांच्या रागाचा आणि त्याच्या गुणांचा संबंध थोडाच होता, हे मात्र उघड झालं.

आता जिंदरकडे येतो, कारण इथे गोष्ट आपल्या दाराशी येते. वाटणीनंतर २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याला परत बोलावलं, आणि पहिलीच लढत लावली ती जुन्या सोबत्याशी, स्लेटरशी. जिंकेल त्याला रॉचा करार. जिंदर जिंकला. पुढचे आठ महिने तो जवळजवळ प्रत्येक लढत हरला. आणि मग एकाएकी, २१ मे २०१७ रोजी शिकागोजवळ, त्यानं रँडी ऑर्टनला हरवून मुख्य पट्टा जिंकला. या पट्ट्याचा तो पन्नासावा मानकरी.

भाच्याचा त्या दिवशीचा संताप मला चांगला आठवतो. मी त्याला म्हटलं, "अरे, आपला माणूस जिंकला ना?" तर तो म्हणाला, "आपला कसला मामा? आपल्याला गिऱ्हाईक समजून जिंकवलाय." हे वाक्य मला फार खरं वाटलं. भारतात कोट्यवधी लोक हा खेळ बघतात, तिथे धंदा वाढवायचा आहे, म्हणून पट्टा पंजाबी नावाच्या माणसाच्या कमरेला, असाच अर्थ बहुतेकांनी काढला. याआधी २००७ मध्ये हिमाचलचा दलीपसिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, विश्वविजेता झाला होता. पण खली सात फुटांहून उंच, त्याला पट्टा का दिला असं कुणी विचारलं तर त्याच्याकडे नुसतं बोट दाखवता येई. जिंदरच्या बाबतीत लोकांना फक्त हिशेब दिसला. आणि अमेरिकन प्रेक्षकांपुढे त्याला उभं केलं ते पंजाबीत बोलून लोकांना चिडवणारा परदेशी म्हणून, म्हणजे या धंद्यातली सर्वांत जुनी आणि मला विचाराल तर सर्वांत आळशी युक्ती.

बाजू मात्र दोन्ही होत्या. पट्टा मिळाल्यावर जिंदरनं काम चोख केलं. वर्षानुवर्षं विनोदी पात्र म्हणून वावरलेला माणूस मुख्य लढतीत उभा राहिला आणि डगमगला नाही. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये, मँचेस्टरला, ए. जे. स्टाइल्सनं त्याला हरवलं. हा पट्टा उत्तर अमेरिकेबाहेर हातचा जाण्याची ती पहिली वेळ. ठरलेली जिंदर-लेस्नर लढत रद्द होऊन स्टाइल्स-लेस्नर लढत आली, आणि जाणकारांनी निःश्वास टाकला. महिन्यानं डिसेंबरात दिल्लीला कार्यक्रम झाला. ज्या बाजारासाठी हा सगळा खटाटोप, त्या बाजारात येऊन जिंदर ट्रिपल एचकडून हरला, आणि नंतर दोघांनी रिंगमध्ये भांगडा केला.

स्लेटरनं मधल्या काळात काय केलं? २०१६ च्या वाटणीत त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. दोन्ही कार्यक्रमांनी नको म्हटलं. लेखकांनी त्याचाच विनोद केला. स्लेटर दर आठवड्याला या दारातून त्या दारात करार मागत फिरायचा, घरी पोरं आहेत हो, म्हणायचा. लोक आधी हसले. मग हसता हसता त्याच्या नावाचा जप करू लागले. बेकार माणूस नोकरी मागतोय, हे समजायला कुस्ती कळावी लागत नाही. त्याला करार मिळाला आणि सप्टेंबरात ऱ्हायनोच्या जोडीनं तो स्मॅकडाऊनचा पहिला जोडी-विजेता झाला. भाचा म्हणतो, त्या दिवशी आम्ही सगळे स्लेटर होतो. त्या वर्षी भाचा स्वतःही नोकरी शोधत होता, हे त्यानं मला चार वर्षांनी सांगितलं.

आणि ड्रू. नोकरी गेल्यावर तो ग्लासगोच्या आणि अमेरिकेच्या लहान सभागृहांत लढत राहिला, दुसऱ्या कंपनीचा विजेता झाला, २०१७ मध्ये परत आला. जानेवारी २०२० मध्ये ह्यूस्टनला त्यानं रॉयल रम्बलमध्ये ब्रॉक लेस्नरला एका लाथेत दोरांबाहेर फेकलं आणि स्टेडियम उसळलं. कंपनी आणि प्रेक्षक यांचं एकमत झालेली ती दुर्मीळ वेळ. आता फक्त एप्रिलमधली रेसलमेनिया बाकी होती, टँपाच्या भरलेल्या स्टेडियममध्ये.

कोरोना आला. रेसलमेनिया ओरलँडोच्या सराव-केंद्रात झाली, एकही प्रेक्षक नसताना. अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी ड्रू मॅकिंटायर रिकाम्या खुर्च्यांपुढे गुडघ्यांवर होता. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहून बघणाऱ्यांचे आभार मानले. मी ती लढत नंतर पाहिली. पाठ आदळल्याचा आवाज ऐकू येतो, धापा ऐकू येतात, आणि मग काहीच ऐकू येत नाही. ऑगस्टमध्ये कंपनीनं सभोवार पडदे लावले, त्यांवर घरी बसलेल्या लोकांचे चेहरे दाखवले आणि ध्वनिमुद्रित कोलाहल सोडला. टाळ्या आणि हुर्यो आता कार्यालयाच्या हातात होत्या. इतकी वर्षं मालकांना हवं होतं ते मिळालं, आणि कार्यक्रम बघवेना.

ड्रू जिंकला ५ एप्रिलला. १५ एप्रिलला कंपनीनं पटावरची भरपूर माणसं एका दिवसात कमी केली. हे मल्ल कंपनीचे नोकर नसतात, कागदोपत्री ते स्वतंत्र कंत्राटदार. करार संपवला की संपला. बहुतेकांना आणखी नव्वद दिवसांचे पैसे मिळतात, पण तेवढे दिवस दुसरीकडे लढता येत नाही. आणि त्या एप्रिलात दुसरीकडे म्हणजे कुठे? सगळी सभागृहं बंद. ड्रेक मॅव्हरिक नावाच्या एका मल्लानं रडत रडत निरोपाची चित्रफीत टाकली. ठरलेल्या स्पर्धेत त्याला लढू दिलं, तो अंतिम फेरीत हरला, आणि तिथेच त्याला नवा करार देण्यात आला. मॅव्हरिकचे अश्रू खरे होते. करार देण्याचा प्रसंग मात्र कॅमेऱ्यासमोर घडवलेला होता. दोन्हीच्या मधली रेघ मला अजून नीट सापडलेली नाही.

त्याच यादीत हीथ स्लेटर होता. तोच तो १६ एप्रिलचा फोन.

जुलैत स्लेटर एका रात्रीपुरता परत आला. विजेता ड्रू रिंगमध्ये, समोर हा बेकार जुना सोबती. काचेच्या तावदानांमागे प्रेक्षक म्हणून उभे केलेले शिकाऊ मल्ल. लढत काही क्षणांची, एका लाथेत संपली. मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ती मिठी लिहिलेली असणार. पण धरून ठेवल्याचा वेळ कुणी लिहून दिला असेल असं मला वाटत नाही.

ड्रूला गर्दीपुढे पट्टा मिळाला तो ७ एप्रिल २०२४ ला, फिलाडेल्फियाच्या रेसलमेनियात. त्या वर्षी प्रेक्षक पुन्हा भांडून जिंकले होते. कोडी ऱ्होड्सची ठरलेली जागा फेब्रुवारीत रॉकला देऊ केली, तेव्हा एवढा गिल्ला झाला की आठवड्याच्या आत बेत बदलला आणि अखेर ऱ्होड्सनं रेन्सला हरवलं. त्याच रात्री आधी ड्रूनं दुसरा पट्टा जिंकला, हजारो लोकांसमोर, आणि काही मिनिटांतच तो गमावला. भाच्यानं सुटी काढून ते पाहिलं.

त्यानंतर बारा दिवसांनी, १९ एप्रिलला, जिंदर महलला पुन्हा कमी केल्याची बातमी आली. वीर आणि सांगा हे त्याचे दोन भारतीय साथीदारही त्याच दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. आवाज २०२० सारखाच. मी त्याला चिडवलं, "अरे, २०१७ मध्ये तर तूच म्हणत होतास की ह्याला कुठून आणला म्हणून."

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पट्टा देऊ नका म्हणत होतो. घरी बसवा असं कधी म्हणालो?"